पाठ बघायला माणसं हवीत

समस्त गावकरी मंडळींना सप्रेम नमस्कार.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत कुष्ठरोगाची शपथ आपण सगळ्यांनी उभं राहून घेतली आणि लगेच चिवड्याच्या पुड्यांकडे वळलो. आम्हीही वळलो. चारच दिवसांनी गावातले एक भाऊ समितीकडे आले. बांधीतून घरी येताना त्यांच्या एका पायातली चप्पल कुठेतरी निसटली होती. अंगणात पाय ठेवल्यावर बायकोने विचारलं, ‘दुसरी कुठं आहे?’ तेव्हा कळलं. तळव्यात काटा मोडून पू झाला होता, तोही दुखत नव्हता. पाठीवर तळहाताएवढा फिक्कट चट्टा होता. तो किती वर्षांचा, हे घरात कुणालाच सांगता येईना. एवढं लिहायला त्यांनीच होकार दिला आहे, नाव कुणी विचारू नये.

हा रोग दुखत नाही, हीच त्याची लबाडी. जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी कधी वीससुद्धा. चट्टा खाजत नाही, त्याची आग होत नाही, मग मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? गजकर्णाचं मलम चोळून माणूस कामाला लागतो. तोवर जंतू नसांमध्ये शिरलेला असतो. कोपरामागची नस जाड होते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकू लागतं, चुलीवरचं गरम भांडं उचललं तरी चटका कळत नाही.

गोळ्यांनी जंतू मरतो, मेलेली नस परत येत नाही. नस दुबळी झाल्याचं सहा महिन्यांच्या आत लक्षात आलं, तर दुसऱ्या औषधांनी बळ परत येण्याची आशा असते. पुढे ती कमी कमी होत जाते.

औषधांची कमतरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेला बहुविध औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील किंवा नसांवर परिणाम झाला असेल तर बारा. पहिल्या डोसनंतर लघवी लाल होते, त्याने घाबरून पाकीट फेकू नये. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागायचं थांबतं; वेगळं ताट, वेगळी खाट कशालाच लागत नाही. गावातल्या एका शाळकरी मुलीच्या दंडावरचा चट्टा आशाताईंनी वेळीच पाहिला होता. पाकिटं संपली, मुलगी कबड्डी खेळते, आणि दंडावर आता काही शोधूनही सापडत नाही.

तेव्हा अडचण आहे ती बघणाऱ्या डोळ्यांची. आशाताई घरोघर जातात, पण दिवसा पुरुष घरी नसतात. असले तरी बाईमाणसासमोर सदरा काढायला लाजतात. चट्टा नेमका पाठीवर किंवा कमरेखाली असतो. म्हणून प्रत्येक वॉर्डातून दोन तरुण हवेत, सकाळी कामावर जाण्याआधी तासभर, पंधरा दिवस. पुरुषांनी पुरुषांना तपासायचं, बायांना आशाताई बघतील. बॉलपेनचं टोक चट्ट्याला हलकेच टेकवायचं आणि डोळे मिटलेल्या माणसाने कुठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवायचं, इतकंच. संशय आला की निदान डॉक्टरच करतील. गणेशोत्सवात मंडप उभारणाऱ्या पोरांना हे जड नाही.

दुसरं मागणं पैशाचं. ज्यांच्या पायातली संवेदना गेली आहे, त्यांना मऊ रबरी तळाच्या चपला, पाय भिजवायला टब, खोबरेल तेल आणि पट्टीसाठी सुती कापड लागतं. जिल्हा रुग्णालयात जायचं तर बसभाडं आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. रोवण्याच्या दिवसांत मजुरी सोडून कुणी जात नाही, आणि चिखलात अनवाणी उभं राहून नेमका तेव्हाच पाय नासतो. म्हणून हा निधी रोवण्याआधी जमायला हवा. पन्नास रुपये द्या, पाचशे द्या, पायलीभर धान द्या, जुनी धुतलेली सुती धोतरं-लुगडी द्या. ग्रामपंचायत कार्यालयात रोज सकाळी पावती मिळेल, जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. त्यावर देणाऱ्यांची नावं असतील, घेणाऱ्यांची नाहीत.

नाव नोंदवायला येणाऱ्या पोरांनी शनिवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात जमावं. बॉलपेन आपापलं आणावं.

आपली,
ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती