घळीतली वाट आणि वरचा पाऊस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कोल्हापूरकरांच्या गाड्या शाहूवाडी तालुक्यातल्या बर्कीकडे वळतात. धबधब्याची पायवाट फार लांब नाही. ओढ्याच्या संगतीने डोंगराच्या कुशीत शिरते आणि कड्यांवरून उतरणारे पाणी समोर येते. जवळच आहे म्हणून लोक चपला घालून, लहान पोरं कडेवर घेऊन निघतात.

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, म्हणून कळकळीने लिहिते. घळीत ऊन असले तरी वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, पाऊस कोसळत असू शकतो, आणि कातळावरून ते पाणी बघता बघता खाली येते. आधी ओढा गढूळतो, पालापाचोळा, काटक्या वाहत येतात, पाण्याचा आवाज जड होतो. मागच्या श्रावणात मधल्या दगडावर बसून कणसं खाणाऱ्या पोरांना मी हाका मारून काठावर आणले. जरा वेळाने तो दगडच दिसेना.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरूनही त्या लोंढ्यापुढे त्यांचे काही चालले नाही.

आपल्याकडे ओढा ओलांडायच्या जागी पक्का दोर हवा, आणि पाणी चढू लागले की वाट बंद करणारा गावातलाच जाणता माणूस हवा. त्याच्या मजुरीसाठी माणशी दहा-वीस रुपये द्यायला आम्ही आनंदाने तयार आहोत. या पावसाळ्याआधी एवढे व्हावे.

— एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर