सँडी हूकच्या अनाम मदतकर्त्यांचे आभार

१४ डिसेंबर २०१२. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक या प्राथमिक शाळेतल्या गोळीबारात २० चिमुकली आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेली. वाचलेल्या मुलांसाठी शेजारच्या मन्रो गावातली बंद शाळा तीन आठवड्यांच्या आत उभी करणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार! मोठ्या मुलांची इमारत ती. लहानग्यांची उंची पुरावी म्हणून स्वच्छतागृहातली जमीनसुद्धा तुम्ही उंच करून घेतलीत. हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. २०२२ साली खुल्या झालेल्या स्मारकात पाण्यावर सोडलेलं फूल मधल्या झाडाकडे वाहत जातं. ती जागा जपणाऱ्यांचेही आभार. वाचलेली पहिलीची मुलं २०२४ मध्ये बारावी झाली. इतकी वर्षं त्यांचा हात न सोडणाऱ्यांनो, तुमचे ऋण मोठे आहे.