पंचाच्या पाठीशी कोण उभे राहणार? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

आमच्या खानदेशात कबड्डीचे सामने वाढले, गावोगावी मॅट आल्या, बक्षिसाच्या रकमा फुगल्या. पंच मात्र मिळेनासे झालेत. पंच परीक्षा पास झालेली पोरं एखाद-दुसरा हंगाम शिट्टी वाजवतात आणि मग आमचा फोन उचलत नाहीत. आयोजक म्हणतात, मानधन कमी पडतं. कमी आहेच, पेट्रोलातच संपतं. पण निव्वळ तेवढ्यासाठी शिट्टी सोडलेला माणूस मला भेटलेला नाही. निकाल दिल्यावर आपल्यामागे कोणी उभं राहत नाही, हेच सगळे सांगतात.

गावातल्या रात्रीच्या सामन्यातला एक बोनस, म्हणजे चढाईत मिळणारा जादा गुण, डोळ्यांसमोर आणा. समोर किमान सहा बचावपटू हवेत, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी दुसरा हवेत हवा. मातीवर फक्कीने मारलेली रेषा मध्यंतरापर्यंत पुसलेली असते, हॅलोजनच्या उजेडात एकेका पायाच्या तीन-तीन सावल्या पडतात, माणसं लॉबीला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याला, चिकटून बसलेली असतात. पंचाने तिथल्या तिथे सांगायचं. हात वर केला की एका बाजूने आरोळी येते, "तुले दिखस का नही रे?" आणि दोरी ओलांडून घोळका आत शिरतो. बक्षीस देणारे पुढारी मंचावर बसलेले, त्यांचाच संघ मागे पडलेला. आयोजक कानाशी येऊन म्हणतात, "सर, जरा सांभाळून घ्या." खेळाडूसाठी माझ्याकडे हिरवं, पिवळं, लाल कार्ड आहे. दोरीबाहेरच्या माणसासाठी काहीच नाही.

एका गावी सामना संपल्यावर मला शाळेच्या खोलीत आतून कडी लावून बसावं लागलं. पोलीस पाटलांनी मोटारसायकलवर हायवेपर्यंत आणून सोडलं. फिर्याद द्यायला निघालो, तर आयोजकांनीच हात जोडले: गावाची बदनामी होईल.

हे लोण शालेय स्पर्धांतही आलंय. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं 5 टक्के आरक्षण यामुळे तालुक्याच्या सामन्यातही पालकांचा जीव टांगणीला लागतो. ही सवलत राहिलीच पाहिजे, गरिबाच्या लेकराला तिचाच आधार आहे. पण त्याचा सगळा राग पंचावर निघतो. माझी एक विद्यार्थिनी उत्तम पंच झाली असती. मुलांच्या सामन्यात एका पालकाने तिला नको ते बोलून घेतलं, बाकीचे हसले. "घरचे नको म्हणतात सर," एवढंच ती म्हणाली. तिला काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पंचाला मारलेली लाथ साऱ्या राज्याने पाहिली. त्या स्पर्धेनंतर दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाने दिलेला कुस्तीचा निकाल बरोबर की चूक यावर वाद झाला. होऊ द्या, पंचही चुकतो, दाद मागायची सोय हवीच. पण तिथे कॅमेरे होते. आमच्याकडे घडतं ते गावाच्या वेशीबाहेर जात नाही. डिसेंबर 2023 मध्ये तुर्कस्तानात एका क्लबच्या अध्यक्षाने फुटबॉलच्या पंचाला ठोसा मारला, तेव्हा तिथल्या महासंघाने देशभरातले लीग सामने थांबवले. आमच्याकडे चालू सामनासुद्धा थांबत नाही, पंच तेवढा बदलतात.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी राज्याने 2010 मध्ये स्वतंत्र कायदा केला. आम्ही कायद्याचा हट्ट धरत नाही, एक शासन निर्णय काढा. पंचावर हात उचलला की सामना तिथेच बंद आणि त्या संघाची स्पर्धा संपली. फिर्याद आयोजकानेच द्यायची, नाहीतर पुढच्या वर्षी त्याला परवानगी नाही. ही दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण पंच त्याच तालुक्यात राहतो, त्याच बाजारात जातो. एकट्याने फिर्याद देऊन त्याला तिथे राहणं अवघड होतं.

यंदाच्या तालुकास्तरीय शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी हा आदेश जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या हाती पडावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक कबड्डी पंच व क्रीडाशिक्षक
चोपडा, जि. जळगाव