गल्लीतल्या अरुंद गॅरेजात बोट लावायला शिकवणाऱ्या काकांना

मिनियापोलिस, मिनेसोटा

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ऑक्टोबरच्या अखेरीस आमची बोट ट्रेलरसकट आमच्या गॅरेजात लावण्यासाठी तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार मी त्याच दिवशी तोंडी मानले होते. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण तुम्ही त्या दिवशी जे दाखवलेत ते आमच्यासारख्या इतर मराठी कुटुंबांच्याही उपयोगाचे आहे आणि त्याचे श्रेय कोणाचे हे लोकांना कळले पाहिजे असे मला मनापासून वाटते. तुमचे नाव लिहू नये असे तुम्ही बजावले आहे, ते मी पाळत आहे. आपल्या मंडळींना तुम्ही कोण ते ओळखायला वेळ लागणार नाही.

ज्यांनी या शहराच्या जुन्या वस्त्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी जागेचे थोडे वर्णन करते. इथे पुष्कळ घरांचे गॅरेज घराला जोडलेले नसते. ते परसदारी वेगळे बांधलेले असते आणि त्याचे दार मागच्या गल्लीत उघडते. आमच्या मागची गल्ली जेमतेम चौदा फूट रुंद आहे. गल्लीच्या कडेपासून गॅरेजच्या दारापर्यंत पाच फुटांचा काँक्रीटचा उतार आहे आणि समोर शेजाऱ्यांचे लाकडी कुंपण आहे. दाराची रुंदी आठ फूट, उंची सात फूट आणि आतली खोली वीस फूट. आमची बोट ॲल्युमिनियमची, सोळा फुटांहून थोडी लांब. पण ट्रेलर गाडीला जोडण्याचा पुढचा दांडा आणि मागे वर उचललेले इंजिन धरले की एकूण लांबी साडेएकवीस फूट भरत होती. ट्रेलरची रुंदी चाकांवरच्या पत्र्यांसह साडेसात फूट, म्हणजे दारातून जाताना दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच.

बोट बाहेर ठेवून चालण्यासारखे नव्हते. इथे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो आणि गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्के वाढते, त्यामुळे इंजिनात राहिलेले थोडे पाणीसुद्धा धातूला तडा द्यायला पुरते. रस्त्यावर ठेवावी तर मोठा हिमवर्षाव झाला की बर्फ काढणाऱ्या यंत्रांसाठी गाड्या ठरल्या दिवशी हलवाव्या लागतात. भाड्याची जागा आमच्या आवाक्याबाहेर होती आणि ज्या कारागिराला विचारले त्याने गॅरेजची चौकट तोडून दार रुंद करण्याचा सल्ला दिला. हजारो तळ्यांच्या या राज्यात मुलांना घेऊन पाण्यावर जायचे एवढ्या एका इच्छेपोटी आम्ही ही बोट घेतली होती, आणि हिवाळ्याआधीच ती विकावी लागणार असे वाटू लागले होते. त्याच सुमारास काकूंकडून ही गोष्ट तुमच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही टेप, खडू आणि सुतळीचा गुंडा घेऊन दारात उभे राहिलात.

तुम्ही प्रथम गाडी सुरूच करू दिली नाहीत. तुम्ही दाराची रुंदी खाली, मध्यभागी आणि वर अशी तीन ठिकाणी मोजलीत, कारण जुनी चौकट कालांतराने कलते. ट्रेलरची रुंदी बोटीच्या कडेवरून धरायची नसून चाकांवरच्या पत्र्यांच्या सर्वांत बाहेर आलेल्या टोकांपासून धरायची, हे तुम्ही तिथेच सांगितलेत. त्यानंतर तुम्ही चाकांच्या आसापासून दांड्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजलेत, ते चौदा फूट निघाले. आसापासून मागच्या टोकापर्यंत साडेसात फूट, त्यात वर उचललेले इंजिनही आले. हे आकडे कागदावर मांडून तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दशः आठवते: “गाडीचं काम गल्लीपुरतं. दारातून आत न्यायचं काम हाताचं.”

सगळ्या अडचणीची उकल याच विचारात होती आणि तोवर तो आम्हा कोणालाच सुचला नव्हता. आम्हाला भेटलेला प्रत्येक जण गाडी कोणत्या कोनातून मागे घ्यावी याचीच चर्चा करत होता. ट्रेलर दारासमोर सरळ करायचा तर त्याच्या पुढे गाडीही सरळ रेषेत यायला हवी, आणि दांड्याची चौदा फूट व गाडीची सुमारे सोळा फूट लांबी मिळून दारापुढे तीस फूट जागा लागते. गल्ली आणि उतार मिळून आमच्याकडे ती एकोणीस फूट होती. म्हणजे गाडी जोडलेली असेपर्यंत ट्रेलर आत जाणे शक्यच नव्हते, चालक कितीही निष्णात असला तरी. गाडी सोडवली की तोच एकटा ट्रेलर एकोणीस फुटांत फिरू शकत होता.

गल्लीपुरते काम गाडीचे होते, तेही तुम्ही माझ्याकडूनच करवून घेतलेत. त्यासाठी आदल्या रविवारी मला दुकानांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन ट्रेलर मागे घेण्याचा सराव दिलात. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरायचे आणि ट्रेलरचे शेपूट ज्या बाजूला जायला हवे त्याच बाजूला हात न्यायचा, या एका सूचनेने डावे-उजवे यांचा गोंधळ कायमचा मिटला. ट्रेलर वळू लागला की लगेच स्टिअरिंग उलट दिशेने सोडत त्याच्या मागोमाग जायचे. कोन फार वाढला आणि गाडी व ट्रेलर कात्रीसारखे मिटू लागले, तर मागे जाण्याचा हट्ट न धरता पुढे जाऊन सरळ व्हायचे. वळण शक्यतो चालकाच्या बाजूनेच घ्यायचे, म्हणजे मागचे चाक खिडकीतून डोळ्यांना दिसते. सांगली जिल्ह्यात कॉलेजच्या वयात उसाच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडून कारखान्याच्या आवारात ती मागे घेताना तुम्ही हे शिकला होतात, हे त्या दिवशी प्रथम कळले. ट्रॉली आखूड असली की झटकन वळते आणि लांब असली की सावकाश वळते पण वळल्यावर लवकर सरळ होत नाही, हे तुम्ही ज्या सहजतेने सांगितलेत, त्यामागे किती हंगामांचे काम असेल याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

ज्या दिवशी बोट लावली त्या दिवसाचा एक तपशील मला विशेष नोंदवावासा वाटतो. तुम्ही गॅरेजच्या जमिनीवर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत खडूची मधली रेषा मारलीत. ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीचा मध्य शोधून तिथे सुतळी बांधलीत आणि तिच्या टोकाला एक जड नट अडकवून गवंडी वापरतो तसा ओळंबा तयार केलात. नट रेषेवर असेल तोपर्यंत दोन्हीकडचे तीन इंच शाबूत आहेत, हे मग कोणालाही वाकून नुसते पाहून सांगता येत होते. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला तुम्ही तेच काम दिलेत आणि तो शेवटपर्यंत “रेषेवर”, “डावीकडे गेला”, “रेषेवर” असे न कंटाळता सांगत राहिला.

ट्रेलर तिरका करून त्याचे शेपूट दाराच्या तोंडाशी आणल्यावर चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावूनच तुम्ही गाडी सोडवू दिलीत आणि दांडा तुमच्या दोनचाकी हातगाड्यावर टेकवलात. दांडा एक फूट डावीकडे सरकवला की मागचे टोक सुमारे अर्धा फूट उजवीकडे जाते, हे प्रमाण तुम्ही आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे हातगाड्यावर असलेल्या माझ्या यजमानांनी दांडा प्रत्येक वेळी अगदी थोडाच हलवला. अवघड होता तो उतार. पाच फुटांत चार इंचांचा चढ पाहायला क्षुल्लक वाटतो. पण बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून नऊशे किलो वजन असले, तर तेवढ्या चढावरही ते सतत साठ किलोच्या जोराने मागे गल्लीकडे घसरू पाहते. म्हणून तुम्ही नुसते ढकलण्यावर भिस्त ठेवली नाहीत. मागच्या भिंतीजवळ काँक्रीटच्या जमिनीत पक्का बोल्ट बसवून त्याला दात्यांची हातविंच, म्हणजे हाताने दांडा चालवून तार ओढण्याचे साधन, अडकवलीत, आणि तिची तार बोटीच्या कड्याला न लावता ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला लावलीत, कारण सगळा भार सांगाड्यावर पडायला हवा. विंचचा एकेक दात पुढे जात होता आणि चाकामागची पाचर त्यामागोमाग सरकत होती. तारेच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही आणि चढावर असताना ट्रेलरच्या खालच्या बाजूला, म्हणजे दांड्याच्या थेट मागे गल्लीत, कोणी जायचे नाही, या दोन गोष्टींत तुम्ही कोणालाही सवलत दिली नाहीत. दांडा बाजूने धरूनच फिरवायचा. कोणीही, अगदी मुलानेसुद्धा, “थांबा” म्हटले की सर्वांनी थांबायचे, हा नियमही तुमचाच.

आत गेल्यावर लांबीचा प्रश्न उरला होता. या ट्रेलरच्या दांड्याला बिजागरी असून तो दुमडता येतो हे विकणाऱ्याने आम्हाला सांगितले नव्हते. गंजाखाली लपलेली ती पिन तुम्ही पहिल्याच दिवशी हेरलीत आणि रोज तेल सोडून ठेवायला सांगितलेत, म्हणून ऐन वेळी ती लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने निघाली. दांडा दुमडण्यापूर्वी जॅक बिजागरीच्या मागे, ट्रेलरच्या अंगाला आहे ना याची तुम्ही खात्री करून घेतलीत, कारण तो पुढच्या भागावर असता तर दांडा दुमडताच ट्रेलरचा आधारच गेला असता. दांडा दुमडून दोन फूट वाचले. उतार चढताना घासू नये म्हणून वर उचललेले इंजिन आत आल्यावर सरळ खाली सोडले, त्याने आणखी एक फूट वाचला, शिवाय त्यातले उरलेसुरले पाणीही निथळून गेले. साडेअठरा फुटांची बोट वीस फुटांच्या खोलीत बसली आणि दार पूर्ण बंद झाले.

काका, तुम्ही मनात आणले असते तर हे सगळे काम स्वतः उरकून अर्ध्या वेळात घरी जाऊ शकला असता. त्याऐवजी तुम्ही त्या थंडीत सबंध दुपार बाजूला उभे राहून प्रत्येक गोष्ट आमच्याच हातून करवून घेतलीत. विंचचा दांडा माझ्या हातात दिलात आणि मी सावकाश जात होते तेव्हा एकदाही घाई केली नाहीत. तुमच्या गुडघ्याचे दुखणे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या उभे राहण्याची किंमतही मला कळते. तुमच्या जागी दुसरे कोणी असते तर मला मदत मिळाली असती; तुमच्यामुळे मला हे काम येऊ लागले. त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. रिकाम्या हाताने पाठवायचे नाही म्हणून गरम थालीपीठ आणि लोणी घेऊन आलेल्या काकूंचेही मनःपूर्वक आभार.

त्या दिवसाची सगळी मापे मी गॅरेजच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवली आहेत आणि खडूच्या रेषेच्या जागी पांढरी पट्टी आखली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे टायरमधली हवा मी अधूनमधून तपासते. तुमचा हातगाडा स्वच्छ करून, चाकांना वंगण देऊन ठेवला आहे. तो कधी पोहोचवू ते कळवावे. मेच्या मध्यावर वॉलआय माशांची मासेमारी सुरू होण्यापूर्वी बोट बाहेर काढायची आहे. उतारावरून खाली येताना विंच सोडण्याऐवजी रोखून धरावी लागेल, तेव्हा तार किती ताणलेली ठेवावी हे विचारायला मी एप्रिलमध्ये येईन. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला तुम्ही आणि काकूंनी आमच्याबरोबर यावे, अशी आग्रहाची विनंती आहे. तुमच्या मापाची लाइफ जॅकेटे आणून ठेवली आहेत.

आपली नम्र,
गल्लीपलीकडची तुमची शेजारीण