मिस्त्री मामा, तुमचे आभार मानायचे राहिलेत

मिस्त्री मामा,

काल तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही "बास की आता" म्हणत पुढच्या गाडीखाली शिरलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे, पण गॅरेजमधली पोरं वाचून दाखवतीलच.

माझी फियाटची पालिओ 1.6, 2003 ची. पालिओ भारतात आली 2001 साली. जाहिरातीत सचिन, कारखाना कुर्ल्यात, आणि एवढ्याशा गाडीत 100 बीएचपीचं इंजिन. पेट्रोल पिते म्हणून लोकांनी तेव्हाच नाकं मुरडली होती. मला मात्र कॉलेजपासून तीच हवी होती, आणि मिळाली तेव्हा मी तिचा तिसरा मालक होतो. फियाटनं इथला गाड्यांचा धंदा आवरला, तेव्हापासून साधा बुश, म्हणजे जोडातला छोटासा रबरी तुकडा, शोधायचा म्हटलं तरी चार गावांना फोन करावे लागतात. ते मान्य आहे. जुनी गाडी हौसेनं घेतली की खिशात हात घालायची तयारी ठेवावीच लागते. राग येतो तो न बघता आकडा सांगणाऱ्यांचा.

गाडी तापत होती. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं न उघडलं तोच निकाल दिला, "हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, गेलंय, इंजिन उतरवायचं, 85,000 धरून चाला." दुसऱ्यानं रेडिएटर बदलला आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढून टाकला. आपल्या हवेत त्याची गरजच नसते, असं शास्त्र त्यानं सांगितलं! मग हायवेला इंजिन धड गरम होईना, पेट्रोल आणखी उडायला लागलं आणि कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला काटा पुन्हा लाल रेषेकडे निघाला. तिसऱ्यानं तर भंगारवाल्याचा नंबरच काढून दिला. वर म्हणाला, "डबड्यात कशाला पैसे घालताय?"

तुमच्याकडे आलो तो उद्यमनगरात सगळं दुरुस्त होतं या ऐकीव भरवशावर. तुम्ही मॉडेल विचारलं नाही, किती किलोमीटर पळाली ते विचारलं नाही. पहिला प्रश्न, "कुठं तापती?" मी म्हटलं, सिग्नलला. "पळताना न्हाई?" नाही. "मग वारं मिळंना तिला. इंजिनाला काय झालंय?"

तरी तुम्ही बघायचं ते सगळं बघितलंतच. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नाही, पाण्यात बुडबुडे नाहीत, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं, म्हणजे गॅसकेट शाबूत. निघालं काय, तर पंख्याचा जळालेला रेझिस्टर, म्हणजे रेडिएटरचा पंखा हळू वेगानं फिरवणारा तुकडा. किंमत काहीशे रुपये. 85,000 चं इंजिनकाम त्या एवढ्याशा तुकड्यात मावलं होतं, मामा!

थर्मोस्टॅटही तुम्ही परत बसवलात. खर्चाचं एकच काम तुम्ही स्वतःहून काढलंत, ते टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या पट्ट्याचं. कधी बदलला याची कुठंच नोंद नव्हती, आणि सोळा व्हॉल्व्हच्या या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, मग खरंच लाखाच्या घरात जातं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच बदलायला लावलंत, कारण तिथवर पोचायची मजुरी एकच. ब्रेक पॅड मात्र काढून, बघून परत बसवलेत: "अजून पाच-सहा हजार किलोमीटर जातील, कशाला टाकून देताय?" पुढच्या चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचा स्लीव्ह कुठंच मिळेना तेव्हा शेजारच्या लेथवर कातून घेतलात. सगळं मिळून 19,000 च्या आत.

पण पैशापेक्षाही माझ्या डोक्यात वेगळंच काही बसलंय. ट्रायल घ्यायला निघताना तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर आधी टॉवेल अंथरलात. धुतलेला, खास वेगळा ठेवलेला. कपडे ग्रीसनं माखलेले होते, म्हणून. आणि चपला दाराबाहेर झटकून मगच आत बसलात. त्या सीटचं कापड आधीच दोन ठिकाणी उसवलंय, आधीच्या गॅरेजमधून गाडी आली तेव्हा स्टिअरिंगवर काळे पंजे उमटले होते. वीस वर्षांहून जुन्या गाडीत बसताना कोण एवढा विचार करतो? मी शेजारी बसलो होतो आणि मला काही बोलायलाच सुचेना. नव्या चकचकीत गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालतात ते ग्राहकाला दाखवायला. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

कुणाची वस्तू कितीची आहे यावर तिला हात कसा लावायचा हे न ठरवणारी माणसं असतात. शिंप्यांत असतात, डॉक्टरांत असतात, बँकेच्या खिडकीतही कधीतरी एखादं भेटतं. अशांचं नाव कुठल्या बोर्डावर नसतं आणि त्यांच्याकडे रांगही नसते, हे मला अजून पटत नाही. त्या 85,000 वाल्याकडे मात्र गाडी लावायला जागा नव्हती.

असो. मागच्या ब्रेकचे ड्रम घासलेत असं तुम्ही म्हणाला होता. सांगलीत एकाकडे पालिओचे दोन ड्रम पडून आहेत म्हणे. शनिवारी घेऊन येतो. तुम्ही माप घेऊन चालतील म्हणालात तरच त्याला पैसे देणार आहे, तसं त्याला बजावून ठेवलंय.

तुमचा,
लाल पालिओवाला