आधी बसा, मग माप घ्या : गोव्याच्या सासष्टीतल्या एका मेस्त्रीकाकांना खुलं पत्र

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

आईचे पाय जमिनीला टेकले. खिडकीखालच्या बैठकीवर ती पाठ टेकून बसते, चहाचा कप उजव्या हाताशी असतो आणि दोन्ही टाचा लाल कोब्यावर सपाट असतात. निरोप एवढाच होता, फोनवरही देता आला असता. पण तुम्ही जे शिकवलंत ते एका घरात कोंडून ठेवावंसं वाटत नाही, म्हणून उघडपणे लिहिते आहे. आपली भेट कशी झाली, काम कसं ठरलं, हिशेब काय झाला, यातलं काही इथे लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि इतरांना त्याचा उपयोग नाही.

घर लावायचं ठरलं की आजकाल माणसं गोव्याला जातात ती निम्मी घरं बघायला. पणजीच्या फोंताइनसमधल्या गल्लीतल्या निळ्या-पिवळ्या भिंती, चांदरचं ब्रागांझांचं घर, तोर्ड्याचं 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय. आणि गावोगावचे बल्कांव. मुख्य दाराबाहेर छपराखाली दोन बाजूंना समोरासमोर सोपे म्हणजे बसायचे बांधीव ओटे, संध्याकाळचा वारा, पाववाल्या पदेराच्या सायकलचा भोंगा, कागदात बांधलेली गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याशी बसल्याबसल्या चार शब्द. हे सुख घरी न्यावं असं कुणालाही वाटेल. न्यायचं कसं, ते कुणी सांगत नाही.

तुमच्याआधी घर सजवून देणाऱ्या दोघांना विचारलं होतं. दोघेही शिकलेले, नाव असलेले. पहिल्यांनी टॅबवर ढीगभर फोटो दाखवले आणि 'गोवन थीम' म्हणून एक भिंत गडद निळी, तिच्यावर छापील अझुलेजो, म्हणजे निळ्या नक्षीच्या पोर्तुगीज धाटणीच्या टाइल्स, आणि प्लास्टिकचे शिंपले असं सुचवलं. दुसऱ्यांनी बैठक करूनच दिली. १८ इंच उंच प्लायची पेटी आणि वर ४ इंचांची फोमची गादी. बसल्यावर फोम दबला तरी उंची २१ इंच राहायची. ४ फूट १० इंच उंचीच्या बाईचे पाय त्यावरून लोंबकळतात, कड मांडीच्या मागे रुतते आणि अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की १८ इंच हे स्टँडर्ड माप आहे. कुणाचं स्टँडर्ड, असं विचारल्यावर फोन उचलणं बंद झालं. राग अजून गेलेला नाही, काका, आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

तुमची एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही दुरुस्त करत होता त्या जुन्या घराच्या बल्कांवात टेप काढून सोप्याची उंची मोजायला मी वाकले, तर तुम्ही टेपच्या पट्टीवर अलगद हात ठेवलात. "आधी बसा. मग माप घ्या." आणि बसल्यावर पुढचा प्रश्न, "घरात सगळ्यांत बुटकं कोण?" मग आईला बसवलंत. चपला काढायला सांगितल्यात. टाचांखाली वर्तमानपत्राच्या घड्या एकेक करून सरकवत गेलात, मांडी सैल पडेपर्यंत. पुठ्ठ्याचा एक तुकडा तिच्या पायाशी उभा धरलात, कानामागची पेन्सिल काढलीत आणि गुडघ्यामागच्या खोबणीपाशी एक रेघ मारलीत. मग तिच्या हातात चहाचा कप दिलात आणि काही न बोलता थांबलात. कप ठेवायला तिचा हात आपसूक जिथे गेला तिथे दुसरी रेघ. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नसतील. घराच्या कामात तिला कुणी काही विचारण्याची ती पहिली वेळ होती.

त्या दोन रेघांवर काय उभं राहिलं ते वाचणाऱ्यांसाठी नीट मांडते, कारण बैठक करणारे शंभर आहेत आणि बहुतेकांची चूक एकाच जागी होते.

पहिली रेघ घड्यांच्या माथ्यापासून साडेचौदा इंचांवर आली. माणसाच्या उंचीला ४ ने भागलं की अनवाणी पायांसाठी बैठकीची उंची ढोबळमानाने मिळते. ५८ इंचांचा चौथा हिस्सा साडेचौदाच. घट्ट भरलेली २ इंचांची कापसाची गादी बसल्यावर दबून इंचभर उरते, म्हणून बांधकाम साडेतेरा इंचांवर थांबवलं. उंच माणूस कमी उंचीच्या बैठकीवर पाय पुढे पसरून निवांत बसतो, पण बुटक्या माणसाला पाय लांब करून घेता येत नाहीत. बैठकीची पुढून मागपर्यंतची खोलीही तशीच. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खोबणी यांत तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. आईसाठी ती १६ इंच आली. २२ किंवा २४ इंच खोल बैठक फोटोत ऐसपैस दिसते, पण तिच्यावर पाठ टेकायला जावं तर पाय उचलले जातात आणि पाय टेकवावे तर पाठ अधांतरी राहते. टेकायची पाठ १८ इंच उंच, आणि तेवढ्या उंचीत अडीच इंच मागे झुकलेली. ओळंब्यात सरळ उभी केलेली पाठ माणसाला दहा मिनिटांत पुढे ढकलते.

इतक्या खालून उठताना गुडघे धरलेल्या माणसाला त्रास होतो, हे तुम्हीच सांगितलंत, आणि त्यावरचा उपायही. बैठकीच्या खाली पुढच्या बाजूने ४ इंच उंच आणि ४ इंच आत अशी खाच सोडायची. उठताना टाचा मागे गेल्या की शरीराचं वजन पायांवर येतं. पुढून सपाट बंद असलेल्या पेटीवरून उठायला झोका घ्यावा लागतो तो याच कारणाने. दुसरी रेघ बैठकीच्या ८ इंच वर होती. तिथे ९ इंच रुंदीची फळी आली. कप तिच्यावर राहतो आणि उठताना तिच्यावरच हात रेटला जातो. म्हणून ती शोभेच्या कोनाड्यासारखी दोन स्क्रूंवर टांगून चालत नाही. तिचे ब्रॅकेट भिंतीत खोल गेले पाहिजेत आणि माणसाचा भार त्यांनी पेलला पाहिजे.

बल्कांवातला सोपा जांभ्याच्या चिऱ्यांचा भरीव असतो, खाली जमीन असते. फ्लॅटमध्ये तीच नक्कल करणं धोक्याचं. ६ फूट लांब, १६ इंच खोल आणि साडेतेरा इंच उंच भरीव जांभा म्हणजे जवळजवळ ५०० किलो, तेही स्लॅबच्या एका पट्टीवर. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये तेच काम दीडशे किलोंच्या आसपास होतं. तरीही एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवावं. खिडकीत किंवा गॅलरीत बैठक करणाऱ्यांनी कठड्याची उंची बैठकीच्या माथ्यापासून मोजावी, जमिनीपासून नव्हे. लहान मूल बैठकीवर उभं राहतं तेव्हा साडेतीन फुटांचा कठडा त्याच्यासाठी सव्वादोन फुटांचाच उरतो. आणि उतार. उघड्यावरच्या सोप्याचा उतार बाहेरच्या बाजूला, पाणी निघून जायला. घरातल्या बैठकीचा पाव ते अर्धा इंच आत, माणूस घसरू नये म्हणून. आधीच्या दोघांच्या एकाही ड्रॉइंगमध्ये उतार हा शब्द नव्हता.

कोब्याबद्दलही तुमचे उपकार आहेतच. इथल्या ठेकेदाराने केलेला पहिला लाल कोबा आठवड्यात तडकला. केसाएवढ्या चिरांची जाळी सगळीकडे, आणि हात फिरवला की तळवा लाल. तुम्ही नुसता फोटो बघून तीन चुका सांगितल्यात. लाल जास्त गडद यावं म्हणून रंगाची पूड, म्हणजे ऑक्साइड, मनाला येईल तेवढी टाकली. ऑक्साइड काही बांधून ठेवत नाही, सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे ते गेलं की पृष्ठभाग भुसभुशीत होतो. ५० किलोंच्या गोणीला ५ किलो ही शेवटची हद्द. दुसरी चूक, घोटताना वर आलेलं पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरलं. त्या पातळ सायीचं आकसणं खालच्या थरापेक्षा वेगळं, म्हणून जाळी. तिसरी, १४ बाय ११ फुटांची खोली एकाच तुकड्यात ओढली आणि लवकर वाळावी म्हणून पंखा लावला.

दुसऱ्या वेळी खोलीचे काचेच्या पट्ट्यांनी ४-४ फुटांचे चौकोन पाडले. खालचा थर टोचे मारून, धुऊन, रात्रभर भिजवून त्यावर सिमेंटचं पाणी, मग १ भाग सिमेंटला ३ भाग वाळू अशा मालाचा पाऊण इंच थर पाट्याने सपाट. अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण अंगठा रुतत नाही, त्या वेळी रंगाचा ३ मिलिमीटरचा हात. वेळ चुकली की दोन थर एकजीव होत नाहीत आणि पुढे ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. अख्ख्या खोलीचं सिमेंट आणि ऑक्साइड कोरडंच एकदम कालवून दोनदा चाळलं, कारण दर घमेल्याला वेगळं मोजलं तर दर चौकोन वेगळा लाल दिसतो. लोखंडी थापीने तीनदा घोटाई, दर वेळी जरा जास्त दाब. दुसऱ्या दिवसापासून ७ दिवस ओलं गोणपाट, तेही आधी धुतलेलं, नाहीतर ज्यूटचा पिवळा डाग कोब्यात उतरतो. खोबरेलाची घाई तुम्ही करू दिली नाहीत. ओल आत असताना तेल लावलं तर पांढुरके ढग उमटतात. महिनाभर थांबून नारळाच्या सोडणाने घासलं आणि कापडाने अगदी पातळ हात दिला. या सगळ्याआधी फूटभर लांबीरुंदीचा नमुना करून आठवडाभर ठेवायचा, कारण ओला लाल आणि वाळलेला लाल यांत बराच फरक असतो. नमुन्याला एक दिवस लागतो. ठेकेदाराला तो वाया गेलेला वाटला होता.

खिडकीचं थोडक्यात. जुन्या घरांत काचेऐवजी चपट्या कालवांचे शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात. उजेड आत येतो, पण डोळ्यांत शिरत नाही. ते कालव आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, त्यामुळे नवे शिंपले मिळवायच्या फंदात पडू नये. तुम्ही त्या खिडकीसमोर तळहात धरलात आणि सावलीची कड किती मऊ पडते ते दाखवलंत. घरी तीच कड शोधायची. दुधी काचेने उजेड सपाट होतो. विरळ विणीची कोरी खादी, चुण्या न घालता, चौकटीला ताणून बसवली तर विणीतल्या जाडबारीक सुतामुळे शिंपल्यासारखा खालीवर उजेड येतो. रात्री २७०० केल्विनचे म्हणजे पिवळसर, ९० किंवा जास्त सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) दिवे, तेही खांद्याच्या खाली. ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली तुमचा लाल कोबा मातकट दिसतो.

फिरायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की फोटो काढा, पण चौकटीत एक कोरा पांढरा कागद आणि १० रुपयांचं नाणं ठेवा. मोबाइल रंग आपल्या मनाने बदलतो. कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो सुधारला की भिंतीचा खरा रंग मिळतो, आणि २७ मिलिमीटरच्या नाण्यावरून नक्षीचं माप काढता येतं. रुंद लेन्सने खोली मोठी दिसते, त्या फोटोवरून काही ठरवू नका. किती वाजले आणि ऊन कुठल्या दिशेचं हे फोटोबरोबर लिहा. संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या खिडकीत भावलेला पिवळा रंग उत्तरेच्या खोलीत आजारी वाटतो. मग चपला काढून बसा, वितीने आणि बोटांनी मोजा, आणि शेवटी टेप काढा.

काका, तुम्ही कुणी मोठे सल्लागार नाही. त्या दिवशी तुमच्या दुरुस्तीच्या कामात आम्ही मध्येच आलो होतो. गडी चुना कालवून थांबले होते आणि ऊन चढत होतं. तरी एका अनोळखी बाईच्या पायांखाली घड्या सरकवायला तुम्ही जमिनीवर बसलात, आणि तिला संकोच वाटू नये म्हणून सगळा वेळ पोईच्या गोष्टी सांगत राहिलात. अशी माणसं अजून आहेत. बसस्टँडवर आजीचं गाठोडं वर चढवून देणारा कंडक्टर, कापड फाडण्यापूर्वी "एवढं लागणार नाही ताई" म्हणणारा दुकानदार. यांच्यामुळे माणसांवरचा विश्वास टिकतो, आणि पैसे मोजूनही फसल्यानंतर तो टिकायची फार गरज असते.

आईने एक विचारायला सांगितलं आहे. बैठकीच्या गोल कडेला तिचा हात सारखा लागतो, तिथे कोबा आरशासारखा चमकायला लागला आहे आणि बाकीचा मंद आहे. तेल सगळीकडे पुन्हा द्यायचं की तसंच राहू द्यायचं? तिला तसंच आवडतं, पण तुम्ही म्हणाल ते करू.

पुठ्ठा जपून ठेवला आहे. दोन्ही रेघा अजून स्पष्ट दिसतात.

तुमची,
आईच्या वतीनेही