दारावरचा आकडा आणि आरसीवरचा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या देवास नाक्यावर एका ट्रान्सपोर्टमध्ये मी बावीस वर्षे बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, फाडल्या. ट्रकचे ‘पासिंग’, म्हणजे आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेले मालासकट एकूण वजन, गॅरेजमध्ये वाढवून मिळते असा समज लहान गाडीमालकांत आजही पक्का आहे. त्यापायी माणसे बुडताना पाहिली आहेत, म्हणून हे पत्र.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलभाराची, म्हणजे चाकांच्या एका आसावर पडणाऱ्या भाराची, मर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, दहाचाकीचे २५ वरून २८.५, आणि ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. नाक्यावर बातमी पोचली ती एवढीच, की ‘दहाचाकीला साडेतीन टन वाढले’. आधीच नोंदलेल्या गाड्यांचे काय, याचा सगळीकडे गोंधळ होता. आमच्याकडे गाडी लावणारा एक तरुण मालक होता. एकच दहाचाकी, तीही हप्त्यांवर. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितले, ‘कमानीत (स्प्रिंगमध्ये) दोन पाटे जादा टाकतो, मागे जाड टायर चढव, झाली तुझी गाडी अठ्ठावीसची.’ पाटे पडले. मग पेंटरने डाव्या दारावर रंगवलेले एकूण वजन २५००० खोडून २८५०० लिहिले. पिवळ्या रंगाखालून जुना पाचाचा आकडा दिसत होता. तो मी पाहिला आणि तरी बिल्टी फाडली, याची टोचणी अजून आहे.

दिवाळीनंतर सोयाबीन भरून धुळ्याकडे निघालेली ती गाडी वाटेत वजनकाट्यावर घेतली गेली. वजन भरले २७,९०० किलो. तपासणाऱ्याने दाराकडे पाहिलेही नाही, आरसी मागितली. तिच्यावर २५,००० होते. दंड तर झालाच, पण जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. रात्री अकराला थंडीत दुसरी गाडी शोधून पोती उतरवावी लागली. दोन फाटली, दाणे डांबरावर सांडले. फोनवर तो पोरगा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, ‘काका, दारावर तर लिहिलंय ना!’ सप्टेंबर २०१९ पासून तर कायद्यातला दंडच २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे रिकाम्या गाडीचे वजन, टायरांची संख्या आणि माप, एकूण वजन, एक्सलवरचा भार हे सगळे नोंदणी अधिकारी आरसीवर लिहितो. केंद्राच्या अधिसूचनेनुसार आकडा सुधारायचा तर तोही आरसी हजर करून त्याच्याच हातून. कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, पुढचा एक्सल आणि चेसिस आहे तेच राहतात. गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक फेल झालेल्या गाड्यांनी किती घरे उजाडली, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. रस्त्याचेही तसेच. एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने रस्ता झिजतो, म्हणजे भार वीस टक्के वाढला की झीज दुप्पट.

आणि या आकड्यावर गाडी कोणी चालवायची हेही ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, असा निकाल दिला. तिथेही मोजले जाते ते आरसीवरचेच वजन.

व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणीला जाते. त्याच वेळी दारावरचा आकडा आरसीशी ताडून पाहावा आणि जादा पाटे मोजावेत, एवढी माझी विनंती आहे. वजन कुठे, कोणत्या कागदांवर सुधारून मिळते आणि कोणत्या गाडीला मुळीच मिळत नाही, हे सोप्या हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून लोहामंडी, ट्रान्सपोर्टनगर आणि सांवेर रोडला लावावे. चहाच्या टपरीजवळच लावावे, ड्रायव्हर आणि मालक तिथेच थांबतात.

आपला,
एक वाचक,
लोकमान्यनगर, इंदूर